उल्का टायमावर, ढग मनावर!

बाभुळगावकरांनो, कॅलेंडर काढा आणि १३ डिसेंबरच्या रात्रीला गोल करा! वर्षातला सगळ्यात दणकेबाज उल्कावर्षाव, मिथुन राशीतला ‘जेमिनिड्स’, त्या रात्री फुल फॉर्मात असतो. काळ्याभोर, निरभ्र आकाशात तासाला शंभरावर उल्का! प्रश्न एकच: त्या रात्री आभाळ मोकळं असेल का?

मोबाइलवरचं वेदर ॲप महिनाभर आधीच ‘क्लिअर स्काय’ म्हणतंय? थांबा, इतक्यात हुरळू नका.

माहीत आहे का, उल्कांची तारीख का चुकत नाही? पृथ्वी दरवर्षी धुळीच्या त्याच पट्ट्यातून जाते. बहुतेक वर्षावांची धूळ धूमकेतूंनी सांडलेली, पण जेमिनिड्सची मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाची. हे महाशय सापडले १९८३ मध्ये!

ढगांचं तसं नाही. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने कॉम्प्युटरला ०.५०६१२७ ऐवजी नुसतं ०.५०६ दिलं. एवढ्याशा फरकाने कॉम्प्युटरने मांडलेलं पुढचं अख्खं हवामानच बदललं! ‘बटरफ्लाय इफेक्ट’चा जन्म इथलाच. म्हणूनच रोजच्या हवामानाच्या अंदाजाची झेप साधारण दोन आठवड्यांच्या पुढे जात नाही.

आता स्कोअरकार्ड! अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेच्या मते पाच दिवसांचा अंदाज सुमारे ९० टक्के वेळा बरोबर येतो, सात दिवसांचा ८० टक्के. दहा दिवस किंवा त्याहून पुढचा? निम्म्याच वेळा. म्हणजे थेट छापा-काटा!

माहीत आहे का, आपल्या पुण्यातही जबरदस्त काम चालतं? तिथल्या ‘आयआयटीएम’ या हवामान संशोधन संस्थेत घडलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये सेवेत आली. अंदाजासाठी नकाशावर आधी १२ किलोमीटरचे चौकोन होते, आता ६ किलोमीटरचे. अंदाज आणखी गावाजवळ आला!

हवामान खातं दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाजही देतं. पण तो आठवड्याचा कल सांगतो: पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी, थंडी वाढणार की घटणार. मध्यरात्री आपल्या बेंबळा धरणावर ढग असतील का, हा त्याचा विषयच नाही.

मग महिनाभर आधी भरवसा कुणावर? ऋतूवर! १२ ऑगस्ट २०२६ ला अमावस्या आणि त्याच रात्री ययातीतला ‘पर्सिड्स’ वर्षाव. चंद्राची सुट्टी, योग झकास! पण विदर्भात तेव्हा भर पावसाळा. डिसेंबरचं आभाळ बहुधा कोरडं, आणि १३ डिसेंबर २०२६ ला चंद्रकोर मध्यरात्रीच्या आतच मावळते. तिकीट याच शोचं काढा!

तरी एक ट्विस्ट आहेच. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की डिसेंबरातही वऱ्हाडावर ढग दाटतात. शेतकऱ्याला तेव्हा तुरीवरच्या अळीची धास्ती, उल्काप्रेमीला आकाश झाकल्याची. दोघांची नजर वरच!

आणि धुवारी? आभाळ निरभ्र, वारा पडलेला, शेजारी पाणी, की पहाटे ती उतरलीच म्हणून समजा. ॲपवर ‘क्लिअर’, डोळ्यांसमोर पांढरा पडदा! धरणकाठापेक्षा जरा उंचावरचं माळरान केव्हाही बरं.

हा घ्या सुपरफास्ट प्लॅन. रजा टाका ऋतू पाहून. पहिला अंदाज बघा सात दिवस आधी, जागा पक्की करा तीन दिवस आधी. त्या संध्याकाळी हवामान खात्याच्या साइटवर इन्सॅटचा ताजा फोटो पाहा, ढग कुठे सरकताहेत ते कळेल. १२ आणि १४ तारखेच्या रात्रीही राखीव ठेवा, तेव्हाही उल्का दिसतात.

रात्री दोनच्या सुमारास मिथुन रास आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येते. गोधडी घ्या, पोरांना उठवा, मोबाइल वीस मिनिटं खिशात ठेवून डोळे अंधाराला सरावू द्या. महिन्याआधीच्या अंदाजावर नाचू नका, आणि त्यात ढग दिसले म्हणून बेतही मोडू नका!