हौशी तरुणाचे गणिती संशोधन व त्याची मान्यता : द. रा. कापरेकर यांच्या कार्याच्या संदर्भात

प्रस्तावना

गणिताच्या संशोधनाला प्रयोगशाळा लागत नाही, महागडी उपकरणे लागत नाहीत. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्या सामग्रीवर बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या गावातला विद्यार्थीही संख्यांचा एखादा नवा गुणधर्म शोधू शकतो. मात्र शोध लागणे आणि शोधाला मान्यता मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट एकांतात घडते, तर दुसरीसाठी जाणकारांचा समाज लागतो. विद्यापीठापासून आणि संशोधन संस्थांपासून दूर राहणाऱ्या तरुणाला हा समाज सहज भेटत नाही. परिणामी काही चांगली निरीक्षणे वहीतच राहतात, तर काही अपुरी निरीक्षणे तपासणीपूर्वीच ‘महान शोध’ म्हणून गाजवली जातात. दोन्हींत नुकसान त्या तरुणाचेच होते.

हौशी गणितज्ञाच्या शोधाला मान्यता कशी मिळते आणि ती कशामुळे लांबते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या कार्याच्या आधारे या प्रक्रियेचे टप्पे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहेत.

कापरेकरांचा मार्ग

कापरेकरांचा जन्म 1905 साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना 1927 मध्ये त्यांना स्वतंत्र गणिती कार्यासाठी रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळाले. 1929 मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. 1930 पासून 1962 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षक होते. संख्या सिद्धांताचा त्यांचा अभ्यास हा नोकरी सांभाळून जोपासलेला छंद होता. 1986 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध 6174 या संख्येचा. चारही अंक समान नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 ही संख्या येते आणि पुढे तीच येत राहते. उदाहरणार्थ, बारामतीच्या 413102 या पिनकोडातील शेवटचे चार अंक घेतल्यास 3210 − 0123 = 3087, मग 8730 − 0378 = 8352 आणि शेवटी 8532 − 2358 = 6174, अशा तीन पायऱ्या लागतात. इंदापूरच्या 413106 मधील शेवटचे चार अंक घेतल्यास 6310 − 0136 = 6174, म्हणजे एकच पायरी पुरते. याउलट 2005 या संख्येला पूर्ण सात पायऱ्या लागतात.

हा गुणधर्म कापरेकरांना 1946 च्या सुमारास आढळला. 1949 मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला आणि 1950 च्या दशकात न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकातून तो प्रसिद्ध झाला. तथापि देशातील अनेक गणितज्ञांनी अंकांच्या या खेळाकडे गांभीर्याने पाहिले नाही. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोचले. शोध आणि व्यापक मान्यता यांत जवळजवळ तीस वर्षांचे अंतर पडले.

निरीक्षणापासून सिद्धतेपर्यंत

मान्यतेची पहिली अट म्हणजे विधान खरे असणे. गणितात ‘शंभर उदाहरणे तपासली’ हा पुरावा होत नाही. n² + n + 41 या राशीत n च्या जागी 0 ते 39 या संख्या घातल्यास प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळते, पण n = 40 घेताच उत्तर 41 × 41 येते. चाळीस वेळा खरे ठरलेले विधान एक्केचाळिसाव्या वेळी कोसळते.

6174 च्या बाबतीत तपासायच्या संख्या 9990 आहेत (पुढे शून्य असलेल्या संख्या धरून). आज संगणक त्या क्षणात तपासतो आणि मर्यादित संख्यांच्या बाबतीत अशी संपूर्ण तपासणी ही सिद्धताच असते. परंतु कारण समजले तर काम कितीतरी सोपे होते. संख्येचे अंक उतरत्या क्रमाने a, b, c, d असे मानल्यास वजाबाकीचे उत्तर नेहमी 999(a − d) + 90(b − c) एवढे येते. म्हणजे उत्तर चार अंकांवर अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक 1 ते 9 असू शकतो आणि दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही. त्यामुळे एकूण प्रकार 54 होतात. ते हाताने एका बैठकीत तपासता येतात. इंदापूरच्या अंकांना एकच पायरी का लागली, याचाही उलगडा यातून होतो. 6, 3, 1, 0 या अंकांचे दोन फरक 6 व 2 आहेत आणि 7, 6, 4, 1 या 6174 च्या अंकांचेही फरक तेच आहेत.

निरीक्षणाला संशोधनाचे रूप येते ते या ठिकाणी. ‘असे होते’ यानंतर ‘असे का होते’ आणि ‘इतरत्रही होते का’ हे प्रश्न विचारावे लागतात. तीन अंकी संख्यांसाठी 495 ही अशीच स्थिर संख्या आहे. पाच अंकी संख्यांसाठी मात्र एकही स्थिर संख्या नाही, तेथे उत्तरे चक्रात फिरत राहतात. मर्यादा सांगणारे विधान हेही संशोधनच असते.

काही प्रश्नांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. केवळ पट्टी व कंपास वापरून प्रत्येक कोनाचे तीन समान भाग करता येतीलच असे नाही, हे वान्त्झेल यांनी 1837 मध्ये सिद्ध केले. वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस त्याच साधनांनी काढता येत नाही, हे लिंडेमान यांच्या 1882 च्या कार्यातून निश्चित झाले. असे दावे करणारी पत्रे गणितज्ञांकडे आजही येतात आणि ती न वाचताच बाजूला ठेवली जातात. त्या गठ्ठ्यात आपले पत्र जाऊ नये, याची काळजी लिहिणाऱ्यानेच घ्यावयाची असते.

नावीन्याची तपासणी

दुसरी अट नावीन्याची. स्वतंत्रपणे सापडलेली गोष्ट पूर्वी कोणालाच सापडली नसेल, असे नाही. संख्यांच्या क्रमिका तपासण्यासाठी आज एक प्रभावी साधन उपलब्ध आहे. नील स्लोन यांनी 1964 मध्ये क्रमिकांचा संग्रह सुरू केला आणि 1996 पासून तो महाजालावर विनामूल्य खुला आहे. त्यात साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत. आपल्या क्रमिकेतील पहिली आठ-दहा पदे लिहिताच ती पूर्वी नोंदली गेली आहे काय, हे कळते. नोंद नसेल आणि क्रमिका उल्लेखनीय असेल, तर ती स्वतःच्या नावाने पाठवता येते. संपादक तपासणी करून ती स्वीकारतात किंवा नाकारतात. शालेय विद्यार्थ्यालाही ही वाट खुली आहे.

नोंद योग्य जागी न झाल्यास काय होते, हेही कापरेकरांच्याच कार्यात दिसते. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. 21 पासून 24 आणि 24 पासून 30 तयार होते. पण 20, 31, 42 अशा काही संख्या कोणत्याच संख्येपासून तयार होत नाहीत. त्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू संख्या’ म्हटले आणि 1949 पासून त्यांवर लिहिले. या विषयावरील त्यांचे बरेचसे लेखन देवळालीहून स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले, त्यामुळे ते थोड्याच वाचकांपर्यंत पोचले. 1970 च्या दशकात याच संख्या एका अमेरिकन नियतकालिकातील प्रश्नातून पुन्हा पुढे आल्या आणि त्यांना ‘कोलंबियन संख्या’ असे दुसरे नाव पडले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले होते. 1977 मध्ये आयव्हन निव्हेन यांनी एका परिषदेत त्यांची चर्चा केल्यावर त्या ‘निव्हेन संख्या’ म्हणूनही ओळखल्या जाऊ लागल्या. यात कोणी कोणाचे श्रेय हिरावले असे नाही. जे लेखन जगाच्या नजरेस पडले नाही, त्याची दखल जगाला घेता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

श्रेयाचे संरक्षण

‘माझा शोध कोणी चोरला तर?’ ही भीती तरुण संशोधकाला नेहमी वाटते. त्यावर पेटंट हा उपाय नाही. भारतीय पेटंट अधिनियम, 1970 च्या कलम 3(ट) — इंग्रजी पाठातील कलम 3(के) — नुसार गणिती पद्धती पेटंटयोग्य नाही. कॉपीराइट लेखाच्या शब्दांना मिळतो, त्यातील प्रमेयाला नाही. गणितात श्रेयाचे संरक्षण गुप्ततेने होत नाही, ते दिनांकासह केलेल्या जाहीर मांडणीने होते. म्हणून वहीत दिनांक घालून टिपणे ठेवावीत, शिक्षकांना लेखी स्वरूपात निष्कर्ष द्यावेत आणि शक्य तितक्या लवकर महाविद्यालयीन चर्चासत्रात किंवा नियतकालिकात ते मांडावेत.

योग्य दार कोणते?

श्रीनिवास रामानुजन यांचे नाव घेतले की 16 जानेवारी 1913 रोजी त्यांनी प्रा. हार्डी यांना लिहिलेले पत्र आठवते. परंतु त्या पत्रापूर्वीच्या पायऱ्या सहसा सांगितल्या जात नाहीत. 1907 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात 1911 मध्येच रामानुजन यांचे प्रश्न आणि पहिला लेख प्रसिद्ध झाला होता. म्हणजे पहिली दखल देशातल्याच मंडळींनी घेतली होती. केंब्रिजच्या अन्य दोन गणितज्ञांकडून त्यांना प्रतिसाद मिळाला नव्हता, हेही विसरता येत नाही. जवळचे दार आधी ठोठावावे आणि एका नकाराने थांबू नये, हा त्यातील बोध आहे.

बारामती-इंदापूर परिसरातील विद्यार्थ्यासाठी पहिले दार म्हणजे आपल्या महाविद्यालयाचा गणित विभाग. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 पासून कार्यरत आहे. कापरेकरांचे विद्यार्थिदशेतील कार्यही प्रथम महाविद्यालयाच्या परिसरातच गौरवले गेले होते. दुसरी पायरी पुण्याची. श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 मध्ये स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था आणि 2006 मध्ये सुरू झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (आयसर) येथे गणिताचे जाणकार भेटतात. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा आहे. अशा ठिकाणी झालेल्या परिचयातूनच योग्य मार्गदर्शक मिळतो.

जाणकाराला पाठवायचे पत्र एका पानाचे असावे. आरंभी विधान, नंतर एक उदाहरण, मग सिद्धतेची रूपरेषा आणि शेवटी एकच नेमका प्रश्न एवढे पुरेसे असते. ‘हे खरे आहे का?’ यापेक्षा ‘दुसऱ्या पायरीतील युक्तिवाद पुरेसा आहे का?’ या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. संगणकीय साधनाने सिद्धता तयार करून दिली असेल, तर तिची प्रत्येक ओळ स्वतःला समजल्याशिवाय ती पुढे पाठवू नये.

प्रकाशनासाठी नियतकालिक निवडतानाही विवेक हवा. शुल्क घेऊन काही दिवसांत कोणताही लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला आहे. अशा प्रकाशनाने प्रमाणपत्र मिळते, मान्यता मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये ‘केअर’ यादी बंद केल्यामुळे नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी आता लेखकावर व त्याच्या मार्गदर्शकावर अधिक आली आहे. आपण ज्यांचे लेख वाचतो ते लेखक कोठे लिहितात, हे पाहणे हा साधा निकष आहे. भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘रेझोनन्स’सारखे नियतकालिक विद्यार्थ्यांना समोर ठेवून निघते.

शाळकरी वयातही हा संपूर्ण मार्ग चालता येतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील कॅल्शिया जॉन्सन आणि नेकिया जॅक्सन या दोन विद्यार्थिनींनी पायथागोरसच्या प्रमेयाच्या त्रिकोणमितीवर आधारित नव्या सिद्धता शोधल्या. मार्च 2023 मध्ये त्यांनी त्या अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या परिषदेत मांडल्या. वृत्तपत्रांतून लगेच प्रसिद्धी मिळाली, परंतु तज्ज्ञांच्या परीक्षणानंतर लेख छापला गेला तो ऑक्टोबर 2024 मध्ये. प्रसिद्धी आणि मान्यता यांतील दीड वर्षाचे ते अंतर म्हणजे तपासणीचा काळ होय.

समारोप

शोध खरा असावा, नवा असावा आणि जाणकारांना तपासता येईल अशा जागी मांडलेला असावा, या तीन अटींवर गणितातील मान्यता उभी असते. पदवी, पद किंवा शहर यांचा त्या अटींत समावेश नाही. कापरेकरांच्या बाबतीत पहिल्या दोन अटी लवकर पूर्ण झाल्या होत्या. तिसरीला वेळ लागला, कारण देवळालीतील शिक्षकाच्या पुस्तिका वाचणारे डोळे थोडे होते. आज संग्रह, संस्था आणि संपर्काची साधने हाताशी असल्यामुळे ते अंतर कमी करता येते. त्यासाठी विद्यार्थ्याने सिद्धतेची शिस्त अंगी बाणवली पाहिजे आणि महाविद्यालयाने त्याची वही वाचण्यासाठी वेळ काढला पाहिजे. वहीतील दावा चुकीचा ठरला तरी तो वेळ वाया जात नाही. चूक कोठे झाली हे समजलेला विद्यार्थी पुढच्या वेळी अधिक नेमका प्रश्न घेऊन येतो.