शब्दशेजार (लेखांक १४) : बँकेने मला 'रिजेक्ट' का केलं नाही?

परवा किराणा दुकानात बिल द्यायला कार्ड पुढे केलं. मशीनने जरा वेळ घेतला आणि पडद्यावर अक्षरं उमटली : 'डिक्लाइन्ड'. मागे चार गिऱ्हाइकं उभी. दुकानदार पटकन म्हणाला, "काका, नेटवर्क नसेल हो. उद्या द्या." पिशवी घेऊन घरी आलो, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. बँकेने 'रिफ्यूज्ड' का नाही म्हटलं? 'रिजेक्टेड' का नाही?

मागच्या आठवड्यात आपण होकाराचे शब्द पाहिले. आज नकाराचे पाहू.

'डिक्लाइन'च्या पोटात लॅटिनमधलं कलण्याचं, वाकण्याचं क्रियापद आहे. खुर्चीत मागे रेलणारं 'रिक्लाइन' हे त्याचंच भावंड. म्हणजे नकार देणारा समोरच्याला ढकलत नाही, आपणच थोडा बाजूला कलतो. आमंत्रण, पद, पुरस्कार, आग्रहाने वाढलेला दुसरा लाडू या गोष्टी 'डिक्लाइन' करायच्या.

'रिफ्यूज' मात्र ताठ उभा राहतो. इंग्रजी बातमीत एखादा मंत्री 'डिक्लाइन्ड टु कॉमेंट' असेल, तर तो नम्रपणे गप्प राहिला. तोच 'रिफ्यूज्ड टु कॉमेंट' झाला, की हट्टाने तोंड मिटून बसल्यासारखा दिसतो. मौन तेच, बातमीदाराने क्रियापद बदललं आणि माणसाचा चेहरा बदलला.

'रिजेक्ट' म्हणजे मुळात मागे फेकणं. 'इंजेक्शन'मध्येही हेच फेकणं आहे, फक्त ते आत. या शब्दाचा खरा अर्थ शब्दकोशापेक्षा एमआयडीसीतल्या कारखान्यात लवकर कळतो. तयार झालेला तुकडा गेजवर लावतात, माप चुकलं की तो लाल पेटीत जातो. 'माल रिजेक्शनला गेला' हे तिथलं रोजचं वाक्य. आधी तपासणी, मग निकाल, असा 'रिजेक्ट'चा क्रम. म्हणून अर्ज, प्रस्ताव, हस्तलिखित रिजेक्ट होतात. आणि म्हणूनच 'मुलाकडच्यांनी रिजेक्ट केलं' हे ऐकणाऱ्याला इतकं लागतं. त्या घराने मुलीला गेजवर लावलेलं असतं.

व्याकरणाची एक खूणगाठ बांधून ठेवा. 'रिफ्यूज' आणि 'डिक्लाइन' यांच्यामागे 'टु' लावून क्रिया जोडता येते, 'रिजेक्ट'मागे नाही. त्याला फेकायला वस्तू लागते, म्हणजे नाम लागतं.

खरा खड्डा आहे तो 'डिनाय'चा. मराठीत आरोप नाकारतात, जामीन नाकारतात आणि यायचंही नाकारतात. एकाच क्रियापदावर तिन्ही कामं भागतात. इंग्रजीत पहिल्या दोन ठिकाणी 'डिनाय' चालतो : खरं नाही म्हणून सांगणं, किंवा मागितलेली गोष्ट न मिळू देणं. तिसऱ्या ठिकाणी 'रिफ्यूज'च हवा. 'ही डिनाइड टु कम' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. त्यात इंग्रजी शब्द सगळे खरे आहेत, पण वाक्य मराठी आहे.

राहिला 'स्पर्न'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थच लाथ मारणं. आपलं 'लाथाडणे' तेच चित्र काढतं. फेटाळणे, धुडकावणे, झिडकारणे, लाथाडणे : कठोर नकाराच्या बाबतीत मराठीची कोठी भरलेली आहे.

मऊ नकारासाठी मात्र आपण क्रियापद शोधतच नाही. 'सविनय नकार' कागदावर ठीक. तोंडाने आपण म्हणतो, 'बघू', 'घरी विचारून कळवतो', 'पत्रिका जुळत नाही'. शेवटच्या वाक्यात तर नकार देणारा माणूसच नाही. जे काही केलं ते ग्रहांनी. मराठीत नकाराची नम्रता सबबीत असते, इंग्रजीत ती बरीचशी क्रियापदाच्या निवडीत असते. हे लक्षात न घेता आपण इंग्रजी पत्र लिहितो तेव्हा तीन ओळी दिलगिरी, आईची तब्येत, घरापासूनचं अंतर असं सगळं लिहितो आणि चौथ्या ओळीत 'आय रिजेक्ट युअर ऑफर' असं ठोकून देतो. वाचणाऱ्याच्या लक्षात राहते ती चौथी ओळ. तिथे एक 'डिक्लाइन' घातला असता, तर आईची तब्येत मध्ये आणावी लागली नसती.

परवाच्या त्या दुकानात दोन्ही पद्धती एकमेकींशेजारी उभ्या होत्या. बँकेने क्रियापद जपून निवडलं. दुकानदाराने क्रियापदाला हातच लावला नाही, नेटवर्कवर ढकललं. खात्यात पैसे नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात : १८८० साली आयर्लंडमध्ये एका माणसाशी गावाने बोलणं टाकलं आणि त्याच्या आडनावाचंच क्रियापद झालं. 'बॉयकॉट'ची गोष्ट.