फळांच्या बिया : नाव, संस्कार आणि पोषण

'बी' हा मराठीतील सर्वसामान्य शब्द होय. तथापि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील स्वयंपाकघरात तो पुरेसा ठरत नाही. फणसाच्या बीला आठळी म्हणतात व सीमेपलीकडील गोव्याच्या कोंकणीत बिकण. आंब्याच्या बीला कोय वा बाठा. चिंचेच्या बीला चिंचोका. पेरूच्या किंवा पपईच्या बीला मात्र असे स्वतंत्र नाव नाही. ही विषमता केवळ योगायोगाची दिसत नाही. ज्या बीवर घरात काही क्रिया होते, तिलाच बहुधा नाव लाभते. बियांच्या पोषणमूल्याच्या चर्चेतही हीच क्रिया मध्यवर्ती आहे.

बी हा मुळात अंकुरासाठी साठविलेला शिधा होय. पिष्ट, प्रथिने व स्निग्धांश यांचा तीत संचय असतो. परंतु या शिध्याचे रक्षण करण्यासाठी वनस्पती टणक कवच, तुरटपणा अथवा विषारी द्रव्ये यांची योजना करते. म्हणून बी पौष्टिक आहे काय, हा प्रश्न अपुरा आहे. ती कोणत्या संस्कारानंतर पौष्टिक ठरते, असे विचारावयास हवे.

आठळीचे उदाहरण सर्वांत सोपे आहे. ताज्या आठळीत सुमारे ६ ते ७ टक्के प्रथिने, भरपूर पिष्ट आणि अत्यल्प स्निग्धांश असतो. कच्च्या आठळीतील काही प्रथिने पचनास अडथळा करतात. शिजविल्याने वा भाजल्याने तो दोष पुष्कळसा दूर होतो. उन्हाळ्यात आठळ्यांना लाल माती लावून त्या पावसाळ्यासाठी ठेवण्याची कोकणात रीत आहे. पुढे त्या टाकळ्याच्या भाजीत पडतात किंवा चुलीच्या निखाऱ्यात भाजल्या जातात. पावसाळ्यात समुद्र बंद असतो आणि ताजी मासळी दुर्मिळ होते. नेमक्या त्याच काळात हा साठा उपयोगी पडतो. 'आठळी' या शब्दाचा संबंध संस्कृत 'अष्ठि'शी जोडला जातो. पालीतील 'अट्ठि'चे हाड आणि फळातील बाठा असे दोन्ही अर्थ होतात. टाकाऊ कठीण भागाचे हे नाव कोकणात अन्नाचे नाव झाले आहे.

काजूची गोष्ट निराळी आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेल्या या झाडाचे नावही तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आले. बोंडू हा वस्तुतः फुगलेला देठ होय; खाली लोंबणारी 'बी' हेच खरे फळ. तिच्या गरात सुमारे १८ ते २१ टक्के प्रथिने व ४४ ते ४७ टक्के स्निग्धांश असतो; मात्र टरफलातील तेल कातडी भाजून काढते. येथे गर सुखरूप बाहेर काढणे हाच संस्कार होय.

कोयीच्या बाबतीत हा संस्कार अधिक कठीण आहे. आतल्या गरात पिष्ट व स्निग्धांश असतो, परंतु टॅनिनमुळे तो तुरट लागतो. म्हणून तो भिजवून, पाणी बदलून व नीट वाळवून घ्यावा लागतो. वाळवण अपुरी राहिल्यास बुरशी धरते. २००१ मध्ये ओडिशातील काशीपूर भागात कोयीच्या गराची पेज खाल्ल्यानंतर अनेक माणसे दगावली. दोष बुरशी लागलेल्या गराचा की मुळातील उपासमारीचा, यावर त्या वेळी मोठा वाद झाला. पौष्टिकतेचा आकडा खरा असूनही अन्न घातक ठरू शकते, हे त्यावरून दिसते.

कोकमाची बी तशी खात नाहीत. बिया कुटून, पाण्यात उकळून वर आलेली चरबी घट्ट झाल्यावर तिचे गोळे वळतात. हेच मुठेल, भेगाळलेल्या टाचांना ते लावतात. २००० मध्ये युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये मर्यादित प्रमाणात ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना मुभा दिली, त्यांत कोकम व आंब्याची कोय या दोहोंचा समावेश आहे. एकीकडे बीला अशी मागणी, तर दुसरीकडे ती नकोशी: वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने १९९२ मध्ये प्रसारित केलेल्या 'सिंधू' आंब्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्याची अतिशय पातळ कोय.

शब्दकोश 'आठळी : फणसाची बी' एवढेच सांगतो, पोषणाचा तक्ता टक्केवारी देतो. लाल माती, निखारा, बदललेले पाणी, पुरेसे ऊन यांची नोंद दोहोंतही होत नाही. ते ज्ञान प्रामुख्याने घरातील स्त्रियांच्या हातात व बोलण्यात राहिले आहे. शब्द उरला आणि क्रिया विसरली गेली, तर पुढील पिढीला बी मिळेल, तिचे अन्न मिळणार नाही. म्हणून बोलीचा कोश करणाऱ्याने नावाबरोबर कृतीही टिपणे अगत्याचे आहे. ती कृती हा त्या शब्दाच्या अर्थाचाच भाग होय.