ओकचा पराग आणि मधमाश्या

ओकच्या फुलांत मकरंद नसतो, तरीही वसंतात मधमाश्या त्यांचा पराग गोळा करतात. युरोप आणि उत्तर अमेरिकेत मधपेट्यांमध्ये येणाऱ्या परागात ओकचे कण सापडतात. ज्या झाडांचे परागण वाऱ्यामार्फत होते, त्यांच्याकडे मधमाश्या फिरकत नाहीत हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

ओकच्या एकाच झाडावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. साधारण एप्रिल-मे महिन्यांत नव्या पालवीबरोबर नरफुलांचे लोंबते तुरे दिसू लागतात. कोरड्या, उन्हाच्या दिवशी परागकोश उकलतात आणि विपुल पराग वाऱ्यावर पसरतो. मादीफुले अगदी लहान असतात. त्यांच्यात पराग नाही आणि मकरंदही नाही, त्यामुळे मधमाश्या तिकडे जात नाहीत. साहजिकच ओकच्या फळधारणेत त्यांचा वाटा नगण्य असतो. मधमाशीला खाद्य मिळते. झाडाचे काम मात्र वाराच करतो.

वसंतात वसाहत झपाट्याने वाढते. अळ्यांच्या पोषणासाठी प्रथिने लागतात आणि ती परागातूनच मिळतात. तरुण कामकरी माश्या पराग खाऊन आपल्या ग्रंथींतून अळ्यांसाठी पोषक स्राव तयार करतात. एक सशक्त वसाहत वर्षभरात साधारण 20 ते 40 किलो पराग वापरते. या काळात तुऱ्यांनी लगडलेला ओक म्हणजे एकाच जागी मिळणारा मोठा साठा असतो.

वाऱ्यावर उडणारे परागकण कोरडे असतात, सहज चिकटत नाहीत. मधमाशी पोटातल्या मधाने ते ओलसर करते, मागच्या पायांवरील परागटोपल्यांत दाबून भरते आणि पोळ्याकडे नेते.

ओकवर मधमाश्या किती येतील, हे आसपासच्या फुलोऱ्यावर ठरते. विलो, फळझाडे किंवा मोहरीवर्गातील पिके जवळ फुललेली असली, तर त्या तिकडे वळतात, कारण तेथे परागाबरोबर मकरंदही मिळतो. असा फुलोरा कमी असेल, तेव्हा ओकचे महत्त्व वाढते.

मधमाश्यांनी कोणत्या झाडाचा पराग आणला, हे तपासण्यासाठी पेटीच्या दाराशी बारीक छिद्रांची जाळी बसवतात. तिच्यातून आत शिरताना माशीच्या पायांवरील गोळ्या खाली पडतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली कणांचा आकार, त्यांवरील खाचा आणि पृष्ठभागाची ठेवण पाहून झाड ओळखले जाते.

स्पेनसारख्या देशांत ‘ओकचा मध’ मिळतो, पण तो फुलांच्या मकरंदापासून बनत नाही. झाडाचा रस शोषणारे मावा व तत्सम कीटक गोड स्राव टाकतात. तो गोळा करून मधमाश्या हा गडद रंगाचा मध तयार करतात.

भारतात ओकच्या जाती प्रामुख्याने हिमालयात आढळतात. उत्तराखंडातील बांज हा त्यांपैकीच. महाराष्ट्रात ओकची जंगले नाहीत, पण असेच नाते येथील शेतांत दिसते. मक्याचे परागण मुख्यतः वाऱ्याने होते आणि ज्वारीत मुख्यतः स्वपरागण होते, तरी मक्याच्या तुऱ्यांवर आणि ज्वारीच्या कणसांवर मधमाश्या परागासाठी येतात. त्यामुळे परिसरातील खाद्याचा अंदाज घेताना मधपाळाने मकरंद देणाऱ्या वनस्पतींबरोबरच केवळ पराग देणारी झाडे आणि पिकेही मोजायला हवीत. त्यांच्यापासून मध वाढत नाही, पण तो गोळा करणाऱ्या माश्यांची पुढची पिढी त्यांच्या परागावर पोसली जाते.