मुलाचं मन ओळखणारा रोबोट: थेरपीत उपयोग किती, मर्यादा किती?

ऑटिझम असलेलं मूल खूश आहे की घाबरलंय, हे चेहऱ्यावरून नेहमी कळत नाही. काही मुलं नजर मिळवत नाहीत, काहींना समोरच्याचा राग किंवा आनंद ओळखता येत नाही. हे शिकवण्याच्या कामी आता रोबोटची मदत घेऊन पाहिली जात आहे.

रोबोटच का? माणसाचा चेहरा क्षणोक्षणी बदलतो, त्यामुळे काही मुलं गोंधळून जातात. रोबोटचा चेहरा साधा असतो. तीच गोष्ट तो शंभर वेळा, त्याच सुरात, न चिडता सांगतो. ब्रिटनच्या हर्टफर्डशायर विद्यापीठाने 'कास्पर' हा लहान मुलाएवढा रोबोट याच विचाराने बनवला.

अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी 2018 मध्ये पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या अभ्यासात 3 ते 13 वर्षांची 35 मुलं होती, 17 जपानची आणि 18 सर्बियाची. मुलं 'नाओ' या छोट्या रोबोटबरोबर बसायची. कॅमेरा चेहरा आणि हालचाली टिपायचा, माइक आवाज, तर मनगटावरचा पट्टा हृदयाचे ठोके आणि घाम. यावरून मूल रमलंय की नाही, याचा अंदाज संगणक बांधायचा. प्रत्येक मुलाचा हिशेब वेगळा ठेवला होता, कारण कंटाळलेलं एक मूल चुळबुळ करतं, तर दुसरं अगदी गप्प होतं. संगणकाचा अंदाज तज्ज्ञांच्या मताशी बराच जुळला, पण पूर्ण नाही.

त्याच वर्षी येल विद्यापीठाचा अभ्यास आला. 12 मुलांच्या घरी महिनाभर, रोज अर्धा तास रोबोट आणि पालक सोबत बसले. मुलं जास्त नजर मिळवू लागली, स्वतःहून बोलू लागली, असं पालकांनी सांगितलं. मात्र रोबोट गेल्यावर महिन्याभरात फायदा थोडा ओसरला.

म्हणजे हा इलाज नाही, थेरपिस्टच्या हातातलं एक साधन आहे. मुलांची संख्याही दोन्ही अभ्यासांत लहानच होती. म्हणून "रोबोटने ऑटिझम बरा होतो" असं सांगून कोणी मोठी रक्कम मागितली, तर अम्मी-अब्बांनी सावध व्हावं. मुलाचा व्हिडिओ कुठे साठवला जातो, कोण पाहतं, हेही विचारून घ्यावं.

रोबोटची वाट पाहत बसू नका. शंका आली की जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विमा योजनेत थेरपीचा खर्चही येतो, त्याची चौकशी करा. लवकर सुरू झालेली थेरपी आणि घरच्यांचा रोजचा वेळ, मुलाला खरा आधार याचाच आहे.