बाण खाली येताना

दिवाळीत आपण बाण बाटलीत उभा करतो, वात पेटवतो, तो वर जाऊन फुटला की मान खाली घालून दुसरा काढतो. पहिल्याची काडी कुणाच्या गच्चीत पडली, याची चौकशी कुणी करत नाही. काडी हलकी, म्हणून हे खपतं. पाच किलोचा, माणसाच्या उंचीहून लांब बाण दीड किलोमीटर वर जाऊन तसाच नाक खाली करून परतला, तर आदळताना त्याचा वेग ताशी ४०० किलोमीटरच्या घरात असतो. म्हणून अशा रॉकेटचा आराखडा उतरण्यापासून सुरू करून उलटा वर न्यावा, असं माझं मत झालं आहे.

मी अभियंता नाही. जुनी नियमपुस्तकं, मोटरची माहितीपत्रकं वाचत आणि वहीत आकडेमोड करत या विषयात शिरलो. ही हौस मुख्यतः अमेरिकेतली. तिथे १९५७ साली स्थापन झालेली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ आणि ‘ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन’ या संस्था हौशी लोकांना पायरीपायरीने प्रमाणपत्रं देतात. मोटरचा एकूण आवेग, म्हणजे सरासरी जोर गुणिले जळण्याचा वेळ, १६० न्यूटन-सेकंदांच्या वर गेला की ते ‘हाय पॉवर’. पुढे अक्षरागणिक मर्यादा दुप्पट होत जाते. ‘एच’ आणि ‘आय’ पहिल्या प्रमाणपत्रावर उडवता येतात; ‘जे’पासून दुसरं लागतं आणि त्याला लेखी परीक्षा असते. माझ्या वहीतलं रॉकेट ‘जे’ वर्गातलं आहे आणि ते ‘हायब्रीड’ आहे.

हायब्रीड म्हटलं की आपल्याकडे आधी ज्वारी आठवते. इथेही कल्पना संकराचीच. दिवाळीच्या बाणात इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिजन देणारा सोरा एकाच दारूत कालवलेले असतात. ठिणगी पडली की थांबवणं नाही. हायब्रीडमध्ये दोघांची घरं वेगळी. खाली नळीत रबरासारखं घन इंधन, वर टाकीत द्रव ऑक्सिडायझर. मॉस्कोजवळ नाखाबिनोला १७ ऑगस्ट १९३३ रोजी उडालेल्या ‘गिर्द-०९’मध्ये द्रव ऑक्सिजन आणि घट्ट केलेलं पेट्रोल होतं. मिखाईल तिखोनरावोव्ह यांचा तो आराखडा. रॉकेट सुमारे ४०० मीटर चढलं, आणि हायब्रीडचा इतिहास सहसा तिथून मोजतात.

आजचे हौशी लोक द्रव ऑक्सिजनच्या नादी लागत नाहीत. ते नायट्रस ऑक्साइड वापरतात, म्हणजे दंतवैद्याकडचा हास्यवायू. २० अंशांना तो सुमारे ५० बार दाबाखाली द्रवरूपात राहतो आणि स्वतःच्या वाफेच्या दाबानेच खाली ढकलला जातो. पंप लागत नाही. एका भाग रबराला साधारण सहा-सात भाग नायट्रस, या मापाने पाऊण लिटरची टाकी ‘जे’ला पुरते. पण हा वायू हवामानाचा गुलाम आहे. ३० अंशांना दाब ६३ बारच्या आसपास जातो आणि द्रव पातळ होऊन त्याच टाकीत कमी वजन मावतं. ३६.४ अंशांच्या वर तर तो कितीही दाबला तरी द्रव होतच नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात हे रॉकेट भरताच येणार नाही.

घरं वेगळी म्हणून हायब्रीड निर्धोक, असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. जुलै २००७मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथे नायट्रसच्या प्रवाहाची चाचणी चालू असताना स्फोट झाला आणि तीन माणसं गेली. त्या वेळी इंधन पेटवलेलंही नव्हतं. नायट्रस स्वतःच विघटित होऊन उष्णता सोडू शकतो आणि तेला-ग्रिसचा अंश त्याला चिथावतो. म्हणून टाकी दूर उभं राहून भरायची, झडपा तेलाच्या थेंबाशिवाय स्वच्छ ठेवायच्या, आणि उड्डाण रद्द झालं तर टाकी दुरूनच रिकामी करता आली पाहिजे. (आपल्याकडचे स्फोटकांचे आणि वायूच्या नळकांड्यांचे कायदे कडक आहेत, हे वाचून कुणी गच्चीवर प्रयोग मांडू नये.)

आता उतरण्याकडे. साध्या घन इंधनाच्या मोटरमध्ये माथ्याशी सावकाश जळणारा एक थर असतो. ठरावीक सेकंदांनी तो संपला की थोडी दारू उडते आणि छत्री बाहेर पडते. बहुतेक हायब्रीडमध्ये ही सोय नसते. असती तरी, नायट्रस गार की गरम यावर जोर आणि जळण्याचा वेळ बदलत असताना आधी ठरवलेल्या सेकंदांवर विसंबणं मला पटत नाही. त्यामुळे निर्णय हवेच्या दाबावर सोपवतात. रॉकेटमधला छोटा उंचीमापक दाब वाचत राहतो. दाब उतरायचा थांबून वाढू लागला, की माथा आला.

माथ्यावरच मोठी छत्री का उघडू नये? पाच किलोला सेकंदाला ६ मीटरने उतरवायला साधारण १.९ मीटर व्यासाची छत्री लागते. दीड किलोमीटरवरून त्या वेगाने यायला २५० सेकंद लागतात. वारा सेकंदाला ६ मीटर असेल, तर रॉकेट दीड किलोमीटर वाहवत जाणार: शेत, रस्ता, विजेच्या तारा, काहीही लागेल. म्हणून छत्र्या दोन. माथ्यावर जेमतेम ५७ सेंटीमीटरची, जी रॉकेटला सेकंदाला २० मीटरने जवळजवळ पडूच देते. मोठी २०० मीटरवर. पहिल्या टप्प्याला ६५ सेकंद, दुसऱ्याला ३३. वाहणं सहाशे मीटरच्या आत येतं. सगळ्या वहीत मला हा हिशेब सर्वांत देखणा वाटतो.

त्याची किंमत अशी, की रॉकेट हवेत दोन ठिकाणी उघडावं लागतं. मधल्या कप्प्यात उंचीमापक, त्याच्या दोन्ही अंगांना एकेका छत्रीची नळी. मोठ्या छत्रीवरचं नाक पहिल्याच झटक्यात निसटू नये म्हणून त्यात नायलॉनच्या बारीक पिना घालतात. त्या दुसऱ्या दारूच्या दाबानेच तुटायच्या. पिना दणकट आणि दारू कमी पडली, तर छत्री आतच राहते. एक उंचीमापक गप्प बसला तर दुसरा असावा. त्याची बॅटरी वेगळी, तारा वेगळ्या, आणि त्याची दारू पहिल्यानंतर सेकंदाभराने उडावी. उंचीमापकाच्या कप्प्याला बाहेरची हवा आत यायला बारीक भोकं हवीत, तीही नाकाच्या सांध्यापासून लांब, गुळगुळीत नळीवर. सांध्याजवळ वारा गढूळ होतो आणि उंचीमापक चुकीचा दाब वाचतो.

हायब्रीडची मोटर टाकीमुळे लांब आणि शेपटाकडे जड असते. गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो वाऱ्याच्या दाबाच्या मध्यापेक्षा किमान एक-दोन व्यास पुढे हवा, नाहीतर रॉकेट वाऱ्यात कोलांट्या खाईल. दिवाळीच्या बाणात हे काम काडी करते, इथे पंख. हा हिशेब टाकी भरलेली आणि रिकामी, असा दोनदा करायचा.

आणि मोटरला हात लावण्यापूर्वी, रॉकेट जमिनीवर आडवं ठेवून, छत्र्या घडी घालून, पिना बसवून, लांब तारेने दोन्ही दारू एकेक करून उडवून पाहायच्या. नाक धडपणे सुटलं आणि छत्री पूर्ण बाहेर आली, तरच पुढची तारीख ठरवायची.