रस्त्याला नावे ठेवताना

धनत्रयोदशीची रात्र होती. आमच्या स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालला होता आणि बाहेरच्या खोलीत माझी पुतणी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. ती पुण्याच्या एका कंपनीत रस्त्यांचे आराखडे करते. मी म्हटले, "काय गं, सणाच्या दिवशीही काम?"

मान वर न करता ती म्हणाली, "रस्त्याला नावं ठेवतेय, काका."

मला हसूच आले. रस्त्याला नावे ठेवणे हा तर आपल्याकडे घरोघरी चालणारा उद्योग! त्यासाठी इंजिनियर व्हावे लागत नाही. पावसाळ्यात एकदा स्कूटरवरून मंडईत जाऊन आले की पुरे. पण पोरगी हसली नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवून ती म्हणाली, "ही बघा यादी. दिवाळी संपायच्या आत सगळी नावं बदलायचीत. नाहीतर पुन्हा कुणाच्या तरी गळ्याशी येईल."

मी स्वतः पस्तीस वर्षे ड्रॉइंग ऑफिसात काढली आहेत. आमच्या वेळी ट्रेसिंगवर शाईने रेषा ओढावयाच्या, अमोनियाच्या वासात प्रिंट काढावयाचे, उजव्या कोपऱ्यातील चौकटीत नकाशाचा क्रमांक घालावयाचा आणि तोच क्रमांक जाड रजिस्टरात चढवावयाचा. नकाशा बदलला की जुन्या प्रिंटवर 'रद्द' असा शिक्का. मला ही निव्वळ कारकुनी वाटत असे. त्या रात्री पुतणीची हकिकत ऐकली आणि माझे मत बदलले.

एका रस्त्याचे एकत्र कुटुंब

आता नकाशा कागदावर जन्म घेत नाही. 'सिव्हिल थ्रीडी'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये रस्ता म्हणजे अनेक वस्तूंचे एकत्र कुटुंब असते. मोजणी करून आणलेले बिंदू त्रिकोणांनी जोडले की जमीन तयार होते, ती 'सरफेस'. तिच्यावर आखलेली रस्त्याची मध्यरेषा ती 'अलाइनमेंट'. त्या रेषेचे चढउतार म्हणजे 'प्रोफाइल', ज्याला आम्ही लंबछेद म्हणत असू. रस्ता आडवा कापला तर डांबर, खडी, पदपथ, गटार यांची जी मांडणी दिसेल ती 'असेम्ब्ली'. ही मांडणी मध्यरेषेवरून पुढे पुढे नेली की सबंध रस्ता उभा राहतो, तो 'कॉरिडॉर'.

यंत्र मोठे उदार आहे. तुम्ही नाव दिले नाही तर ते आपणच देते : 'अलाइनमेंट - (1)', 'सरफेस1', 'कॉरिडॉर - (1)'. एखाद्या सरळ किलोमीटरभर रस्त्याला हे चालून जाते. पण चौक, सेवारस्ते, पूल आणि मोऱ्या आल्या, की 'अलाइनमेंट - (37)' म्हणजे कोणती हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. मग माणूस घाईघाईने मनाला येतील ती नावे देऊ लागतो, आणि तेथेच घात होतो.

'जमीन नवीन' कोणती?

पुतणीकडे एका गावाजवळच्या रस्त्याचे काम होते. पहिल्या मोजणीत ज्या खुणेवरून पातळ्या घेतल्या, त्या खुणेचीच उंची 45 सेंटिमीटर जास्त धरली गेली होती. चूक सापडली, मोजणी पुन्हा झाली, आणि सुधारलेल्या जमिनीला पुतणीने नाव दिले 'जमीन नवीन'. पुढे दुसऱ्या एकाने रुंदीकरणाच्या पट्ट्यातील जादा बिंदू आणले. ते त्याने चुकून जुन्याच जमिनीत मिळवले आणि तिला नाव दिले 'जमीन नवीन 1'.

तीनच महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेल्या एका मुलाने मोऱ्यांचे काम हाती घेतले. यादीत दोन नव्या जमिनी! त्याने शेवटची उचलली. तुम्ही-आम्हीही तीच उचलली असती.

परिणाम असा, की मोरीचा तळ नाल्याच्या खऱ्या तळापेक्षा हातभर वर आला. मोरीच्या वरच्या अंगाला चौदा घरे, त्यांची जोती बुटकी. पहिल्याच मोठ्या पावसात तुंबलेले पाणी कोठे शिरले असते हे सांगावयास नको. काँक्रीट पडण्यापूर्वी जागेवर खुणा मारताना एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ते नुसत्या नजरेने हेरले. "सायेब, पानी काय शिडी लावून चढनार व्हय?" एवढेच तो म्हणाला, आणि काम थांबले.

ऑफिसात सारे बालंट अर्थातच त्या नव्या मुलावर आले. त्याला राजीनामा लिहून आणावयास सांगितले गेले. पुतणी दोन दिवस गप्प राहिली. हे तिने माझ्यापाशी कबूल केले तेव्हा तिचा आवाज कापत होता. तिसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "सर, पहिलं 'नवीन' मी लिहिलं होतं." मुलाची नोकरी राहिली. साहेबांनी शिक्षा एकच दिली : दिवाळीनंतर ऑफिस उघडेल तेव्हा सगळी नावे दुरुस्त झालेली हवीत, आणि नावे ठेवण्याचा नियम कागदावर हवा.

'नवीन' हा शब्द किती फसवा आहे हे पुणेकरांना तरी सांगावयास नको. मुठेवरचा शिवाजी पूल 1923 साली वाहतुकीला खुला झाला. शंभरी उलटली, तरी जुन्या पुणेकरांच्या तोंडी तो 'नवा पूल'च आहे!

नाव हाच दुवा

"पण नाव म्हणजे नुसती पाटी ना?" मी विचारले. ती म्हणाली, "काही ठिकाणी पाटी. काही ठिकाणी मात्र नावावरच सगळं अडकलेलं असतं."

तिने एक उदाहरण दिले. असेम्ब्लीतील प्रत्येक बिंदूला, रेघेला आणि बंद आकाराला एक सांकेतिक नाव असते. 'टॉप' नावाच्या सर्व रेघा गोळा करून यंत्र रस्त्याचा वरचा पृष्ठभाग बनवते. 'डेटम' नावाच्या रेघांवरून खालचा पृष्ठभाग बनवते आणि त्यावरून खोदाई-भराईचा हिशेब निघतो. आता एखाद्याने पदपथाच्या रेघेला 'टॉप'ऐवजी 'फिनिश' म्हटले तर? पदपथ पृष्ठभागातून गळतो. यंत्र हूं की चूं करीत नाही. तसेच एका फाइलमधली मध्यरेषा दुसऱ्या फाइलमध्ये दुव्याने वापरतात. मूळ रेषेचे नाव मागाहून बदलले, तर तो दुवा तुटण्याचा संभव असतो. म्हणून बारसे आधी करावे, लग्नाच्या दिवशी नव्हे.

ही अक्कल आजची नव्हे. इंग्लंडमधील काउंटी कौन्सिलांनी 1970 च्या दशकात रस्त्यांच्या आखणीसाठी 'मॉस' नावाची संगणकप्रणाली घडवली. तीत रस्त्याची प्रत्येक रेषा म्हणजे एक 'स्ट्रिंग', आणि तिचे नाव अवघ्या चार अक्षरांचे! पहिल्या अक्षरावरून जात ओळखावयाची. 'एम'ने सुरू होणारी ती मुख्य रेषा. जागा चारच अक्षरांची, त्यामुळे अक्षर वाया घालवावयाची सोयच नव्हती. आज नाव हवे तेवढे लांब देता येते, म्हणून शिस्त आपली आपल्यालाच पाळावी लागते.

पुतणीचा कागद

नरकचतुर्दशीला फराळानंतर तिने आपला कागद मला वाचून दाखवला. आधी वस्तूची जात, मग रस्ता, मग जागा, मग क्रमांक. हा क्रम कोणी मोडावयाचा नाही. क्रमांक 1, 2 असे न लिहिता 01, 02 असे लिहावयाचे, कारण अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या यादीत 10 हा 2 च्या आधी येऊन बसतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. आपल्या सरकारी कागदात साखळी क्रमांक 12/500 असा लिहितात. पण विंडोजवर फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, तेव्हा तेथे 12+500 लिहावे. डावी-उजवी बाजू वाढत्या साखळी क्रमांकाकडे तोंड करून ठरवावी. 'नदीकडची बाजू' म्हणू नये, कारण पूल ओलांडला की नदी दुसऱ्या बाजूला जाते!

आणि 'फायनल', 'नवीन', 'साहेबांनी सांगितलेले' ही नावे कायमची बंद. फाइलच्या आवृत्तीसाठी वेगळा रकाना असावा. 2018 साली आलेल्या 'आयएसओ 19650' या आंतरराष्ट्रीय मानकाचाही रोख हाच आहे : फाइलचे नाव ठरलेल्या रकान्यांचे असावे, आणि ती कोणत्या कामासाठी योग्य आहे, कितवी आवृत्ती आहे, हे वेगळे नोंदावे.

मी म्हटले, "हे तर राष्ट्रीय महामार्गांसारखे झाले." 2010 साली महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले गेले, तेव्हा असाच एक नियम धरला होता. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. म्हणून जुना 17 क्रमांकाचा मुंबई-गोवा मार्ग 66 झाला. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा फाटा 166. मागचे 66 पाहिले की त्याचे घराणे कळते. नियम ठाऊक असला, तर कधी न पाहिलेला रस्ताही नुसत्या आकड्यावरून आपली दिशा सांगतो.

कागदाच्या अगदी शेवटी तिने एक ओळ हाताने लिहिली होती : 'उद्या आपण ऑफिसात नसू आणि विचारायलाही कोणी नसेल, असे समजून नाव ठेवावे.'

भाऊबीजेनंतर ऑफिस उघडले. त्या जमिनीचे नाव आता 'नवीन' नाही; मोजणीची तारीख आणि कोणत्या खुणेवरून पातळ्या घेतल्या ते त्या नावातच आहे. 'जमीन नवीन 1'च्या नावापुढे मात्र 'रद्द' लिहिले आहे, आमच्या शिक्क्यासारखे. मोरी यंदाच्या उन्हाळ्यात योग्य पातळीवर बांधून झाली आणि पावसाळ्यात पाणी शिडी न लावता वाहून गेले. त्या चौदा घरांतील माणसांना यातले काहीच ठाऊक नाही. ती पूर्वीप्रमाणेच धुळीबद्दल रस्त्याला नावे ठेवतात, आणि ठेवोत बापडी!